पाच दिवस न उतरणारा ताप: कावासाकी, स्क्रब टायफस आणि आपल्याकडची लेकरं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी बापाने विचारलं आहे. पावणेदोन वर्षांची मुलगी, पोळा झाल्यावर तिला ताप भरला. गावातल्या डॉक्टरांनी तापाचं औषध आणि अँटिबायोटिक दिलं. तिसऱ्या दिवशी डोळे लाल झाले, ड्रॉप्स मिळाले. चौथ्या दिवशी अंगावर पुरळ उठली. आजी म्हणाली गोवर निघाला, म्हणून एक दिवस औषध बंद. पाचव्या दिवशी मानेत गाठ आली. तालुक्याला नेलं, डेंग्यूची तपासणी झाली, पेशी चांगल्या निघाल्या, अँटिबायोटिक बदलून घरी पाठवलं. आठव्या दिवशी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात कावासाकी आजार सांगितला, हृदयाची इको, म्हणजे सोनोग्राफी, केली, एका धमनीला किंचित रुंदी दिसली. रात्रभर एक महागडं इंजेक्शन सलाइनसारखं चालवलं आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आता ॲस्पिरिन चालू आहे. ते विचारतात: हे आधी का कळलं नाही? जपानी नावाचा आजार आमच्या गावात कुठून आला? पाच वर्षांच्या मोठ्या भावाला होईल का? पोरीचं हृदय कायमचं बिघडलं का? राहिलेल्या लसी कधी द्यायच्या?

भाऊ, आधी तुमच्या मनावरचं ओझं थोडं कमी करते. आठव्या दिवशी इंजेक्शन मिळालं म्हणजे सगळं हातचं गेलं, असं समजू नका. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत ते मिळायला हवं आणि तुमच्या मुलीला ते त्या मुदतीत मिळालं. मी बरीच वर्षं विदर्भातच लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करते. आपल्या भागात हे निदान दहा दिवसांच्या आत होणं किती अवघड आहे, ते मी रोज बघते. तुम्ही चार दारं ठोठावलीत म्हणून ते झालं.

आता तुमचा पहिला प्रश्न, कारण खरं सांगायचं तर सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. कावासाकीची एकही तपासणी नाही. रक्ताचा, लघवीचा असा कुठलाच रिपोर्ट नाही, जो पॉझिटिव्ह आला आणि निदान झालं. निदान होतं ते लेकराकडे नीट बघून आणि दिवस मोजून. पाच दिवस किंवा जास्त ताप, आणि त्यासोबत पाच खुणांपैकी किमान चार. दोन्ही डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ लालभडक होऊन फाटलेले, जीभ लाल आणि दाणेदार. अंगावर पुरळ. हातापायांचे तळवे लाल किंवा सुजलेले. मानेत एका बाजूला दीड सेंटिमीटरहून मोठी गाठ.

अडचण अशी, की या खुणा सगळ्या मिळून एका दिवशी येत नाहीत. डोळे तिसऱ्या दिवशी लाल होतात आणि पाचव्याला निवळू लागतात. पुरळ एक दिवस उठते आणि दुसऱ्या दिवशी विरते. सावळ्या अंगावर तर ती दिव्याच्या उजेडात दिसतही नाही. हाताची सूज आईला जाणवते, कारण बांगडी घट्ट झालेली असते, पण ती डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे असं तिला वाटत नाही. तुमच्या मुलीला पहिल्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा फक्त ताप होता. नंतर डोळ्याला ड्रॉप्स देणाऱ्याने डोळा पाहिला. पुरळ आजीने पाहिली. तालुक्याच्या डॉक्टरांसमोर मानेची गाठ आली, तोवर पुरळ गेलेली. प्रत्येकाच्या हाती एकेक तुकडा आला आणि चारही तुकडे एकत्र कुठेच नव्हते. यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही. आपल्याकडे आजारी लेकरू दारोदार फिरतं आणि त्याचे कागद घरी राहतात.

हा आजार जगाला ज्या माणसामुळे कळला, त्याने नेमकी हीच गोष्ट केली होती. टोकियोच्या रेडक्रॉस दवाखान्यातले बालरोगतज्ज्ञ टोमिसाकू कावासाकी यांनी जानेवारी १९६१ मध्ये चार वर्षांचा एक मुलगा पाहिला. ताप, लाल डोळे, फाटलेले ओठ, पुरळ. पुस्तकातल्या कुठल्याच आजारात तो बसेना. मुलगा आपोआप बरा होऊन घरी गेला. दुसरा कुणी असता तर औषधाची ॲलर्जी म्हणून विसरला असता. पुढच्या वर्षी तसंच दुसरं लेकरू आलं, तेव्हा कावासाकींना पहिलं आठवलं. मग ते अशा प्रत्येक मुलाची रोजची नोंद ठेवत गेले: कितव्या दिवशी काय दिसलं, कितव्या दिवशी काय गेलं, बोटांच्या टोकांची सालं कधी निघाली. १९६७ मध्ये त्यांनी ५० मुलांची माहिती जपानी भाषेत छापली. या आजाराने हृदय बिघडतं ही गोष्ट तेव्हा बहुतेकांना पटत नव्हती. १९७० मध्ये जपानभर पाहणी झाली, तेव्हा दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या फुगून आत रक्ताच्या गुठळ्या झालेल्या सापडल्या. बरं होऊन घरी जाणाऱ्या लेकरांपैकी काहींच्या आत काय चाललेलं असतं, ते तेव्हा कळलं. कावासाकी २०२० मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी वारले. त्यांच्या हयातीत या आजाराचं कारण सापडलं नाही, आजही सापडलेलं नाही.

त्यांच्या हाती मोठी प्रयोगशाळा नव्हती. प्रत्येक दिवसाची वेगळी नोंद होती. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईबापाला मी एकच गोष्ट सांगते: ताप दोन दिवसांहून जास्त राहिला की शाळेच्या वहीचं एक पान काढा. त्यावर तारीख, ताप किती, आज अंगावर नवीन काय दिसलं, कोणतं औषध दिलं, एवढं लिहा. पुरळ, डोळे, ओठ, हात यांचा फोटो दिवसा, उन्हाच्या उजेडात काढा. तारीख फोनमध्ये आपोआप राहते. लिहिता येत नसेल तर फोटो पुरे, किंवा आशाताईंना लिहायला सांगा. दवाखान्यात आलेल्या आईने फोन पुढे करून चौथ्या दिवशीची पुरळ मला दाखवली, की माझं निम्मं काम झालेलं असतं. निरोगी मूल आणि गेलेलं मूल यांतला फरक कधी कधी त्या फोटोएवढाच असतो, हे मी अतिशय गांभीर्याने लिहिते आहे.

आता आपल्या भागाची खास अडचण. जपानमध्ये पाच दिवस ताप आणि पुरळ म्हटलं की डॉक्टरच्या मनात कावासाकी लवकर येतो. तिथे पाच वर्षांखालच्या दर लाख मुलांत वर्षाला ३०० हून जास्त मुलांना तो होतो. आपल्याकडे त्याच लक्षणांमागे आधी डेंग्यू, गोवर आणि स्क्रब टायफस उभे असतात, आणि ते असलेच पाहिजेत.

स्क्रब टायफसबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पोळा ते दिवाळी हा त्याचाच हंगाम. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत त्याची मोठी साथ आली होती. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाचा जंतू अगदी बारीक किड्याच्या, म्हणजे चिगर माइटच्या अळीतून अंगात शिरतो. ही अळी धुऱ्यावरच्या गवतात, झुडपात असते. सोयाबीन सोंगताना माय शेतात असते आणि लेकरू धुऱ्यावर खेळत असतं, तिथे ती चावते. चावलेलं कळत नाही. एक ते तीन आठवड्यांनी ताप भरतो. चावलेल्या जागी न दुखणारी काळी खपली होते, तीच सगळ्यात भरवशाची खूण, पण ती बगलेत, जांघेत, कानामागे, आणि लहान मुलांत करदोड्याखाली लपते. म्हणून मी प्रत्येक तापाच्या मुलाचे सगळे कपडे काढून, करदोडा बाजूला सारून बघते. तुमच्या डॉक्टरांनी तसं केलं तर संकोच करू नका. स्क्रब टायफसला डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन लागू पडतं आणि बहुतेक मुलांचा ताप ४८ तासांत उतरतो. औषध सुरू करून दोन दिवस झाले, ताप हलला नाही आणि डोळे-ओठ लाल आहेत, तर मग विचार बदलायला हवा. क्वचित स्क्रब टायफसमध्येही कावासाकीसारख्या खुणा दिसतात, त्यामुळे ही गाठ सोडवायला अनुभवी डॉक्टरलाही एक-दोन दिवस लागतात.

गोवराचं वेगळं. गोवरात नाक वाहतं, खोकला जोराचा असतो, डोळ्यांतून पाणी गळतं, पुरळ कानामागून आणि चेहऱ्यावरून खाली उतरते. तुमच्या मुलीला सर्दी-खोकला नव्हता, असं तुम्ही लिहिलं आहे. आजींवर मात्र राग धरू नका. पहिल्या चार दिवसांत हे दोन आजार डॉक्टरांनाही चकवतात. फक्त गोवर निघाला म्हणून औषध आणि दवाखाना बंद ठेवायची रीत घरातून जायलाच हवी. गोवरातही लेकरं न्यूमोनियाने जातात.

आणि पेशी. डेंग्यूच्या भीतीने आपल्याकडे प्रत्येक घर पेशी विचारतं. डेंग्यूत आणि स्क्रब टायफसमध्ये प्लेटलेट, म्हणजे ज्यांना आपण पेशी म्हणतो त्या, बहुतेक कमी होतात. कावासाकीत उलटं होतं. पहिल्या आठवड्यात त्या ठीक असतात आणि दुसऱ्या आठवड्यात चढत जातात, सहा-सात लाखांवर, कधी त्याहून वर. म्हणजे रिपोर्ट बघून घरचे निश्चिंत होतात, आणि इथे चांगल्या पेशी हीच काळजीची गोष्ट असू शकते. पाच दिवसांचा जोराचा ताप, सीआरपी आणि ईएसआर (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) खूप वाढलेले, आणि पेशी कमी नाहीत: हे तीन एकत्र दिसले की डेंग्यूवर फुली मारून पुढचा विचार करायचा. आणखी एक चकवा लघवीचा. कावासाकीत लघवीत पू-पेशी दिसतात पण जंतू वाढत नाहीत. लघवीचा संसर्ग समजून अँटिबायोटिक चालू राहतं आणि दिवस जातात.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळांची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. त्यांच्यात पाचपैकी दोनच खुणा दिसतात, कधी नुसता ताप आणि न थांबणारं रडणं, आणि धमन्या फुगण्याचं प्रमाण त्यांच्यातच जास्त. अशा बाळाच्या दंडावरची बीसीजीची जागा अचानक लाल होऊन सुजली, तर ती खूण कधीही सोडू नका. एवढ्या लहान बाळाला सात दिवस ताप असेल आणि कारण सापडत नसेल, तर खुणा असोत-नसोत, रक्ताच्या तपासण्या आणि इको करायलाच हवी.

इथे एक सावधानता. पाच दिवस मोजण्याची ही गोष्ट धडधाकट दिसणाऱ्या, पाणी पिणाऱ्या, ओळख देणाऱ्या मुलासाठी आहे. ताप आला आणि त्याच दिवशी झटके आले, मूल सुस्तावलं, तर एक तासही घरी थांबायचं नाही. चांदीपुरा विषाणू आपल्याच नागपूरकडचा. १९६५ मध्ये चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला, वाळूमाशीतून पसरतो आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत लेकरू नेऊ शकतो. सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या पेशींचा अनुवंशिक आजार असलेल्या, मुलाचा तापही पहिल्या दिवशीच दाखवायचा. त्यांची प्लीहा काम करेनाशी झालेली असते आणि साधा वाटणारा जंतू रक्तात पसरतो. अशा मुलाचे हातपाय सुजले तर तो सिकलसेलचाही त्रास असू शकतो, म्हणून डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड आधी दाखवा.

आजार कुठून आला, तर जपानमधून आला नाही. नाव तिथलं आहे, आजार जगभर आहे. आज संशोधकांचा समज असा: एखादा साधा संसर्ग, बहुधा श्वासावाटे येणारा, काही मुलांच्या शरीरात संरक्षण यंत्रणेला असा चेतवतो की ती जंतू संपल्यावरही थांबत नाही आणि स्वतःच्याच रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज आणते. संसर्गाचा हात आहे असं मानायला आधार आहेत. आजार लाटांनी येतो, आणि २०२० मध्ये जपानमध्ये शाळा बंद, मास्क लावलेले, तेव्हा त्याचे रुग्ण बरेच घटले. अनुवंशिकतेचा हात आहे यालाही आधार आहे: हवाईत राहणाऱ्या जपानी वंशाच्या मुलांत तो तिथल्या इतर मुलांपेक्षा जास्त दिसतो. कोविडनंतर मुलांना झालेला एमआयएस-सी हा याच घराण्यातला. संसर्ग होऊन दोन ते सहा आठवड्यांनी, घरातले सगळे बरे झाल्यावर, मुलाला ताप, पोटदुखी आणि हृदयाचा अशक्तपणा. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्या भागात अशी मुलं आली आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे डॉक्टर अँटिबायोटिकच्या पलीकडे बघायला शिकले. तुमच्या मुलीचं निदान वेळेत होण्यात त्या दिवसांचाही वाटा असेल.

म्हणजेच तुमच्याकडून काही चुकलं नाही. पाणी, खाणं, शेतातली फवारणी, दृष्ट, यांपैकी कशामुळेही हे झालं नाही. आणि हा आजार एकाकडून दुसऱ्याकडे लागत नाही. भावाला वेगळं ठेवायची गरज नाही. भावंडांना होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तरीही ती कमीच. त्याला कधी सलग चार-पाच दिवस ताप आला, तर डॉक्टरांना बहिणीचा आजार आठवणीने सांगा, एवढंच.

हृदयाबद्दल. धमनीच्या भिंतीला सूज आली की ती कमकुवत होते. ठिबकची नळी एका जागी मऊ पडली की पाण्याच्या दाबाने तिथे फुगा धरतो, तसं. तुम्ही लावलेलं महाग इंजेक्शन म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं. जपानमध्ये फुरुशो या डॉक्टरांनी १९८४ मध्ये ते या आजारात गुणकारी असल्याचं दाखवलं, १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने त्याला दुजोरा दिला आणि १९९१ पासून एकाच वेळी पूर्ण डोस द्यायची पद्धत रुळली. दर किलो वजनामागे दोन ग्रॅम. दहा किलोच्या लेकराला वीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चार बाटल्या. खर्च इतका का आला ते यावरून लक्षात येईल. पण उपचार नाही मिळाला तर साधारण चारपैकी एका मुलाच्या धमन्या फुगतात, आणि वेळेत मिळाला तर हेच प्रमाण शंभरात चार-पाचांवर येतं. तो पैसा वाया गेलेला नाही. बिलाचे आणि बाटल्यांवरच्या स्टिकरचे कागद जपून ठेवा आणि सरकारी योजनेतून काही मिळतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला जरूर विचारा.

तुमच्या मुलीच्या धमनीची रुंदी किंचित वाढलेली होती. एवढ्या लहान मुलीची ही धमनी दोन-अडीच मिलिमीटरची असते, तिथे अर्धा मिलिमीटरही मोजला जातो. म्हणून इको लहान मुलांची सवय असलेल्या डॉक्टरकडूनच करून घ्या, त्यासाठी नागपूर किंवा वर्ध्याची चक्कर पडली तरी. पुढची इको एक-दोन आठवड्यांनी, नंतरची आजार सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी. किंचित रुंदी बहुतेक मुलांत तोवर पूर्ववत होते. खरे फुगवटे झाले तरी निम्म्याहून जास्त एक-दोन वर्षांत मूळ आकाराला येतात. आठ आठवड्यांची इको चांगली आली, तर तिच्या खेळण्यावर, पळण्यावर, पुढे शाळेच्या कवायतीवर कसलंही बंधन नाही. तिला आजारी म्हणून वाढवू नका.

ॲस्पिरिन रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आहे, तापासाठी नाही. ताप नाही म्हणून ते बंद करू नका. इको बघून डॉक्टर थांबवतील तेव्हाच थांबवा. ते चालू असताना दुसरा ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल, आयब्युप्रोफेन नको, त्याने ॲस्पिरिनचं काम अडतं. घरात किंवा शेजारी कुणाला कांजण्या निघाल्या, किंवा फ्लू झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. या दोन आजारांत ॲस्पिरिन पोटात असेल तर यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. इंजेक्शन संपल्यावर दीड दिवसाने किंवा नंतर पुन्हा ताप आला, तर तो आधीचाच आजार शिल्लक असू शकतो. दहा ते वीस टक्के मुलांना दुसऱ्या टप्प्याचं औषध लागतं. येत्या एक-दोन आठवड्यांत बोटांच्या टोकांची, नखांजवळची सालं निघतील. घाबरू नका, तेल-मलम काही लागत नाही.

लसींचं गणित जरा वेगळं आहे. इंजेक्शनमधून मिळालेली दुसऱ्यांची प्रतिपिंडं बरेच महिने अंगात राहतात आणि गोवर, कांजण्या यांच्या जिवंत लसी निकामी करतात. म्हणून एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेला लसीचा, राहिलेला दुसरा डोस इंजेक्शनच्या तारखेपासून अकरा महिन्यांनी. गावात गोवराची साथ आली तर डॉक्टर तो आधी देतील, पण मग अकरा महिन्यांनंतर पुन्हा द्यावा लागेल. ही तारीख लसीच्या कार्डावर आजच लिहून ठेवा आणि नर्सताईंना इंजेक्शनचा कागद दाखवा, नाहीतर डोस चुकला म्हणून पुढच्या लसीकरणाच्या दिवशीच त्या टोचतील आणि तो वाया जाईल. घरातल्या सगळ्यांनी, भावानेही, फ्लूची लस घेतलेली बरी. पोलिओ आणि डीपीटीचा बूस्टर थांबवायचं कारण नाही. ते येत्या लसीकरणाच्या दिवशीच देऊन घ्या. ॲस्पिरिन चालू आहे म्हणून टोचलेली जागा दोन मिनिटं दाबून धरा.